संकटातल्या प्राण्यांसाठी टी-शर्ट डिझाइन करताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी लातुरात डिझाइनचं काम करतो. लग्नपत्रिका, फ्लेक्स, बियाण्याच्या पिशव्या हे पोटापाण्याचं काम. प्राण्यांचे टी-शर्ट हे आवडीचं. सप्टेंबर लागला की शाळांचे, कॉलेजांचे, सायकलवाल्या ग्रुपचे फोन सुरू होतात, कारण २ ते ८ ऑक्टोबर वन्यजीव सप्ताह असतो. प्रश्न दरवर्षी तेच असतात. फोनवर सांगून सांगून घसा बसला, म्हणून एकदाचं लिहून काढलं. छपाईचं गणित बहुतेकांना नको असतं, पण तेही दिलंय. ते टाळलं की पुढं रडायची पाळी येते.

कोणता प्राणी घ्यावा? वाघ नको का?

वाघ चालतो. पण वाघाचा टी-शर्ट बाजारात आयता मिळतो आणि तो घातलेल्या पोराला कुणी काही विचारत नाही. आपल्याला असा प्राणी हवा, की चहाच्या टपरीवर शेजारचा माणूस छातीकडं बोट करून म्हणेल, "ह्ये कोणतं पाखरू म्हणायचं?" तो प्रश्न आला, की टी-शर्टाचं काम सुरू झालं.

मराठवाड्यात जंगल थोडं आणि माळ जास्त, त्यामुळं आपली जनावरंही माळाचीच. लांडगा आहे, तरस आहे. खवल्या मांजर आहे, जे मांजर नाहीच. मुंग्या-वाळवी खाणारा, एकही दात नसलेला आणि भ्यायला की चेंडूसारखा वेटोळं करणारा प्राणी आहे तो. गिधाडं आहेत, म्हणजे होती असंच बऱ्याच गावांत म्हणावं लागतं. आणि माळढोक. माळढोकाचं नान्नज अभयारण्य सोलापूर जिल्ह्यात, म्हणजे धाराशिवला अगदी खेटून. १९७९ साली ते झालं तेव्हा या भागात हा पक्षी दिसायचा. आज देशभरात मिळून दीडशेसुद्धा उरले नसावेत आणि जे आहेत ते बहुतेक राजस्थानात.

वाघाचाच हट्ट असेल तर आपला वाघ घ्या. २०२१ साली यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून एक वाघ थेट छत्रपती संभाजीनगरकडच्या गौताळा अभयारण्यात आला. २०२४ च्या डिसेंबरात दुसरा एक टिपेश्वरचाच वाघ धाराशिव जिल्ह्यातल्या येडशी-रामलिंगच्या रानात कॅमेऱ्यात सापडला. शेतं, कालवे, हायवे ओलांडत शेकडो किलोमीटर चालून! मग डरकाळी फोडणारं तोंड कशाला काढता? डाव्या कमरेपासून उजव्या खांद्यापर्यंत नुसती पावलं चालवा आणि मध्ये एक डांबरी रस्ता आडवा टाका. फक्त पावलांना नखं काढू नका. वाघ चालताना नखं आत ओढून घेतो. नखं दिसली तर ती कुत्र्याची पावलं झाली, आणि हे ओळखणारं गावात कुणी ना कुणी असतंच.

मोर किंवा काळवीट घेतलं तर चालेल का? तेही संकटातच आहेत ना?

इथं दोन यादींची गल्लत होते. एक आययूसीएन या निसर्गरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेची लाल यादी. ती जगभरात त्या प्राण्याची स्थिती काय आहे ते सांगते. दुसरी आपल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याची अनुसूची. ती भारतात त्याला संरक्षण किती ते सांगते. मोर आणि काळवीट दोघंही कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यांना हात लावला तर तुरुंग. पण लाल यादीत दोघंही सध्या 'चिंता नाही' गटात. माळढोक २०११ पासून 'अतिसंकटग्रस्त'. खवल्या मांजर 'संकटग्रस्त'. बिबट्या 'असुरक्षित'. तरस 'संकटाच्या उंबरठ्यावर'.

म्हणून मोराखाली 'नामशेष होत चाललेला' असं छापू नका. पाटोदा तालुक्यातल्या नायगावला मोरांचंच अभयारण्य आहे, तिथला पोरगा तुम्हाला हसेल. मोर काढायचाच असेल तर 'आमच्या नायगावचा' म्हणून अभिमानानं काढा, तो वेगळा टी-शर्ट झाला.

एका टी-शर्टावर किती प्राणी बसवावेत?

एक.

पण आमच्या सरांना बारा हवेत.

दरवर्षी एक सर असतातच. बारा प्राणी गोलात, मध्ये पृथ्वी, पृथ्वीला दोन हात आणि खाली 'निसर्ग वाचवा'. हे शाळेच्या भिंतीवर शोभतं. छातीवर प्रत्येक प्राणी दीड इंचाचा होतो आणि चार पावलांवरून तो लांडगा की कोल्हा हेसुद्धा कळत नाही.

सरांना नाही म्हणता येत नसेल तर अजिंठ्याला घेऊन जा. पहिल्या लेण्यात एका खांबाच्या माथ्यावर चार हरणं कोरलीत आणि चौघांना मिळून तोंड एकच. ज्या हरणाकडं बघाल त्याचंच ते तोंड वाटतं. दीड हजार वर्षांपूर्वीच्या कारागिरानं एवढ्याशा जागेत चार जनावरं बसवली ती अशी, काहीतरी कमी करून. बारा प्राण्यांना एक शेपूट किंवा एक डोळा सामाईक देऊन दाखवलात तर मीच तुमचा टी-शर्ट विकत घेईन.

चित्र कशावरून काढायचं? गुगलवरचा फोटो चालतो का?

नाही, आणि कारणं दोन आहेत. पहिलं, फोटो काढणाऱ्याचा असतो. तो नेटवर आहे म्हणजे फुकट आहे असं होत नाही, आणि त्यावर 'ट्रेस' मारून रेघा काढल्या तरी तो तुमचा होत नाही. विकिमीडिया कॉमन्स किंवा आयनॅचरलिस्ट या वेबसाइटांवर दर फोटोखाली परवाना लिहिलेला असतो, तो वाचा. काही परवान्यांत नाव दिलं की वापरता येतं, काहींत विक्रीला मनाई असते. त्याहून सोपं म्हणजे आपल्या जिल्ह्यातल्या पक्षी बघणाऱ्यांना विचारा. ही माणसं पहाटे चारला उठून माळावर जातात. त्यांच्या फोटोचा उपयोग होतोय म्हटल्यावर सहसा आनंदानं देतात. नाव मात्र छापा.

दुसरं कारण माझ्या अंगावर शेकलेलं आहे. पहिल्या वर्षी मी माळढोक काढला. एका वेबसाइटवर छान रुबाबदार फोटो सापडला, मान राखाडी, डोक्यामागं तुरा. साठ टी-शर्ट छापून झाले. वाटपाच्या दिवशी एक निवृत्त मास्तर चष्मा पुसत जवळ आले आणि म्हणाले, "पाखरू चांगलंय, पण हे आफ्रिकेत राहतं." तो कोरी बस्टर्ड होता, माळढोकाचा आफ्रिकेतला भाऊबंद. आपल्या माळढोकाच्या नराची मान पांढरी, डोक्यावर काळी टोपी आणि छातीवर काळा पट्टा. साठच्या साठ माझ्या खिशातून पुन्हा छापले. आफ्रिकेतले साठ अजून आमच्या घरी पोछा मारायला पुरतायत.

तेव्हापासून एकच फोटो कधी बघत नाही. किमान दहा फोटो, वेगवेगळ्या बाजूंनी, आणि पक्कं चित्र छपाईला जायच्या आधी त्या प्राण्याला प्रत्यक्ष पाहिलेल्या दोन माणसांना दाखवतो. त्यातला एक शक्यतो मेंढपाळ. लांडग्याचं माझं चित्र बघून एका धनगर काकांनी विचारलं होतं, "एवढी लोकर कुणाची घातली त्याला?" बरोबर होतं. मी नकळत बर्फातला लांडगा काढला होता, मानेला झुबकेदार केस असलेला. आपला लांडगा हाडकुळा, लांब पायांचा, आखूड केसांचा, वाळल्या गवताच्या रंगाचा.

एआयकडून चित्र करून घेतलं तर?

कल्पना सुचवायला घ्या. छापायला देऊ नका. परवाच एकानं एआयचा माळढोक पाठवला, पायाला चार बोटं, एक मागं वळलेलं. माळढोकाच्या कुळातल्या पक्ष्यांना मागचं बोटच नसतं. ती जमिनीवर चालणारी जात, फांदी पकडायची गरज नाही. शिवाय खालचं मराठी वाक्य असं, की एकही अक्षर मराठीतलं नाही, सगळी देवनागरीसारखी दिसणारी भुतं. एआय नसतानाही मी आफ्रिकेत जाऊन आलोय. एआय तर रोज जाऊन येतो.

किती रंग वापरायचे?

दोन. तिसरा रंग कापडाचा, तो फुकट.

हे नीट सांगतो, कारण सगळं डिझाइन यावरच उभं आहे. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये दर रंगाला वेगळी फ्रेम, म्हणजे जाळी ताणलेली चौकट बनते आणि त्या जाळीतून शाई कापडावर उतरते. समजा एका फ्रेमला ४०० रुपये पडले. चार रंगांचे १६००. वीस टी-शर्ट असतील तर नगामागं ८० रुपये नुसते फ्रेमचे, शंभर असतील तर १६. शिवाय चार रंग एकमेकांवर नेमके बसले पाहिजेत. एखादा केसभर सरकला की वाघाला दोन मिशा.

आता आमचा सध्याचा माळढोक बघा. टी-शर्ट खाकी, वाळलेल्या पवन्या गवताच्या रंगाचा. शाई दोन, पांढरी आणि काळी. पांढऱ्यात फक्त मान आणि पोट. काळ्यात टोपी, छातीवरचा पट्टा, डोळा आणि पायांच्या चार रेघा. पाठ, पंख, शेपूट काढलेलंच नाही, ती कापडाची. दोन-चार काळ्या रेघांनी पंखाची कड सुचवली, बाकी बघणाऱ्याचा डोळा भरून काढतो. माळावरही हा पक्षी असाच दिसतो. मीटरभर उंचीचा असूनही अंग गवतात मिसळून जातं आणि गवताच्या वर एक पांढरा खुंटा उभा असल्यासारखी मान तेवढी दिसते. कमी रंग ही इथं काटकसर नाही, तेच त्याचं खरं रूप आहे.

मग वरती, गळ्याच्या खाली, एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत दोन बारीक काळ्या रेघा. लोक विचारतात ह्या कशाला. त्या विजेच्या तारा. हा पक्षी जड, नर पंधरा किलोपर्यंत भरतो. त्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना, उडताना समोरचं कमी दिसतं, आणि तार दिसेपर्यंत वळायला वेळ नसतो. राजस्थान-गुजरातेतल्या तारा जमिनीखाली घ्यायचा विषय २०१९ साली सुप्रीम कोर्टापर्यंत गेला तो यामुळंच. मादी बहुधा एका वेळी एकच अंडं घालते, तेव्हा तारेवर गेलेला एक पक्षी भरून निघायला वर्षं लागतात. हे सगळं टी-शर्टावर लिहिलेलं नाही. रेघा बघून कुणी विचारलं, की घालणारा सांगतो.

चारी बाजूंनी सावल्या, केसांचा पोत, असं खरंखुरं चित्र येणारच नाही का?

येतं, ठिपक्यांनी. जुन्या वर्तमानपत्रातला फोटो भिंगातून बघा, तसे. याला हाफटोन म्हणतात. पण ठिपके फार बारीक ठेवले तर जाळीत धरत नाहीत, शाई भरून डाग होतो. रेघेचंही तेच: अर्ध्या मिलिमीटरच्या खाली जाऊ नका. खवल्या मांजराचे खवले म्हणून तर मला आवडतात. आपल्या नखांच्याच द्रव्याचे, केराटिनचे ते, आणि चित्रात एकेक स्वच्छ आकार. सावलीची गरजच पडत नाही. त्या खवल्यांसाठीच त्याला मारतात, औषध म्हणून. औषधी गुण त्यात तुमच्या कापलेल्या नखांइतकेच.

वाक्य काय लिहावं?

'वाचवा' हा शब्द वगळून जे सुचेल ते. 'झाडे वाचवा, पाणी वाचवा, मुलगी वाचवा' बघून बघून डोळ्यांना तो शब्द आता दिसतच नाही.

आमचा सगळ्यात जास्त गेलेला टी-शर्ट लांडग्याचा. पाठमोरा लांडगा माळ उतरून चाललाय, समोर प्लॉटिंगचे पांढरे दगड, आणि खाली एवढंच:

लांडगा गेला रे गेला

'लांडगा आला रे आला' ही गोष्ट प्रत्येकानं लहानपणी ऐकलेली. त्यामुळं वाचणारा आधी हसतो, मग 'गेला' वर अडतो, मग दगड बघतो. मोजून चार शब्द. आधी मी खाली दोन ओळी समजावणाऱ्याही टाकल्या होत्या. आमच्या हिनं त्या बघितल्या आणि म्हणाली, "विनोद सांगून झाल्यावर समजावून पण सांगणार का?" काढल्या.

बोलीतलं वाक्य असेल तर अजून चांगलं. नांदेडच्या एका ग्रुपनं वाळवीच्या वारुळाशेजारी खवल्या मांजर काढून खाली लिहिलं होतं, 'ह्यो हाय म्हणून घराचं दार हाय'. वाळवी खाणाऱ्याची एवढी नेमकी ओळख मला सुचली नसती.

छापून आल्यावर जोडाक्षरं तुटतात. काय करावं?

मराठवाड्यातल्या अर्ध्या टी-शर्टांवर हा घोटाळा आहे. तुम्ही मोबाइलवर युनिकोडमध्ये टाइप करून व्हॉट्सॲपवर पाठवता. दुकानदार कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीत, युनिकोड नसलेल्या श्रीलिपी फॉन्टात काम करतो. मजकूर इकडून तिकडं गेला की रफार उडतो, वेलांटी पुढं जाते आणि 'दुर्मीळ' चं काहीतरी भलतंच होतं. उपाय सोपा: मजकूर तुम्हीच बसवा, अक्षरांचे आकार करून घ्या, म्हणजे कोरलमध्ये 'कन्व्हर्ट टू कर्व्ह', आणि मगच फाइल द्या. आता ते अक्षर नाही, चित्र आहे. ते तुटत नाही.

मोफत आणि खुल्या परवान्याचे फॉन्ट पुष्कळ आहेत. मुक्ता साधा आणि स्वच्छ. बलू गुबगुबीत, लहान मुलांच्या टी-शर्टाला बरा. 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे हवेत ना, ते बघून घ्या. बऱ्याच फॉन्टांत हिंदी वळणाचे येतात. तिरो देवनागरी मराठी हा त्यासाठीच केलेला आहे. आणि 'वाऱ्यावर', 'तऱ्हा' असा शब्द असेल तर तो अर्धा 'र' नीट येतो का ते आधी कागदावर छापून बघा. सगळ्यात भारी म्हणजे गावातल्या जुन्या पेंटरकडून हातानं लिहून घेणं. पाट्या रंगवणारे दोघं-तिघं अजून प्रत्येक तालुक्याला आहेत. फ्लेक्स आल्यापासून त्यांची जातही लाल यादीत जायला आलीय.

लांडग्याचा टी-शर्ट घालून वाडी-वस्तीवर गेलो तर लोक चिडतील ना?

चिडतील, आणि त्यांचं चुकत नाही. ज्याच्या सहा मेंढ्या एका रात्रीत गेल्या, त्याच्यापुढं लांडग्याचं गोंडस चित्र घालून उभं राहणं म्हणजे जखमेवर मीठ. म्हणून लांडगा गोंडस काढायचा नाही, बिचाराही काढायचा नाही. आणि घालणाऱ्याला एक गोष्ट माहीत पाहिजे: लांडग्यानं शेळी-मेंढी मारली तर वनखात्याकडून नुकसानभरपाई मिळते, मात्र लगेच कळवावं लागतं आणि पंचनामा व्हावा लागतो. आम्ही लांडग्याच्या टी-शर्टाच्या पाठीवर, मानेखाली, वनखात्याचा १९२६ हा टोल फ्री नंबर छापतो. त्या नंबरामुळं एकदा एका वस्तीवर शिव्यांऐवजी चहा मिळाला.

गिधाड, तरस, घुबड हे अशुभ मानतात. असा टी-शर्ट कोण घेईल?

घुबडाचा आमचा गेला नाही, खरं सांगतो. आजीनं घरात घेऊ दिला नाही म्हणून तिघांनी परत केला. गिधाडाचा मात्र चालला, कारण पन्नाशीच्या पुढच्या प्रत्येक माणसाकडं गिधाडाची आठवण असते. गावाबाहेर मेलेलं जनावर टाकलं, की बघता बघता आभाळातून गिधाडं उतरायची. मग एकाएकी ती गायब झाली. दुखऱ्या जनावराला दिलेलं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक त्याच्या मांसातून गिधाडाच्या पोटात जायचं आणि त्याचे मूत्रपिंड निकामी व्हायचे. २००६ साली जनावरांसाठी ते बंद केलं, तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडं शंभरातली एखादीच उरली होती.

त्या टी-शर्टावर गिधाड नाहीच. रिकामं आभाळ, खाली बैलाचा सांगाडा, आणि वाक्य: 'पाव्हणे आले नाहीत'. लग्नातल्या पंगतीची बोली. म्हातारी माणसं वाचून गप्प होतात.

स्क्रीन प्रिंट की डीटीएफ?

पंचवीसच्या वर नग असतील तर स्क्रीन, त्याच्या आत डीटीएफ. डीटीएफमध्ये चित्र फिल्मवर छापून, डिंकाची पूड लावून, गरम प्रेसनं कापडावर चिकटवतात. रंग हवे तेवढे, फ्रेमचा खर्च नाही. पण चित्र मोठं आणि भरीव असेल तर छातीवर प्लॅस्टिकचा कागद डकवल्यासारखं होतं आणि मे महिन्यात त्याखाली घामाची तळी साचतात. डीटीएफ करायचंच तर चित्रात मोकळ्या जागा सोडा. सब्लिमेशन, म्हणजे उष्णतेनं शाईची वाफ करून धाग्यात मुरवायची छपाई, सुती कापडावर धरत नाही, ते पॉलिस्टरचं काम.

स्क्रीनवाल्याला एकच प्रश्न विचारा: शाई भाजता कशी? प्लॅस्टिसॉल शाई पक्की व्हायला सुमारे १६० अंश लागतात. काही जण टी-शर्ट गच्चीवर वाळत घालून देतात. लातूरचं ऊन कडक आहे हे मान्य, पण १६० अंश नाही. असा टी-शर्ट दोन धुण्यांत चटाचटा तडकतो. मिळाल्यावर छापील भाग दोन्ही हातांनी ताणून बघा. भेगा पडल्या तर कच्चा आहे, तिथंच परत करा.

कापड कोणतं, रंग कोणता?

सुती, १८० जीएसएमच्या (चौरस मीटरला ग्रॅम) आसपास. कापूस आपल्या रानातला, टी-शर्ट मात्र तामिळनाडूतल्या तिरुपूरहून येतात, त्याला इलाज नाही. काळा रंग मुलांना आवडतो, पण दुपारच्या रॅलीत अंग भाजतं, शिवाय काळ्यावर इतर रंग उठायला खाली पांढऱ्याचा थर द्यावा लागतो, म्हणजे एक फ्रेम वाढली. खाकी, मातकट, फिकट पिवळा घ्या. माळाचे रंग तेच आहेत.

चित्र किती मोठं आणि कुठं?

मोठ्यांना अकरा-बारा इंच रुंद, गळ्यापासून चार बोटं खाली. शाळेची ऑर्डर असेल तर सगळ्यात लहान मापावर मावेल असंच करा, नाहीतर चौथीच्या पोराच्या बगलेत लांडग्याची शेपूट जाते. मुलीही घालणार असतील तर दोन मोठे डोळे किंवा दोन गोल छातीवर समोरासमोर येऊ देऊ नका. एका कॉलेजनं घुबडाचे डोळे तसे छापले आणि मुलींनी एकदाही घातला नाही. चूक डिझाइन करणाऱ्याची. आधी साध्या कागदावर खऱ्या मापात प्रिंट काढून अंगावर लावून बघा, आरशात आणि दहा पावलांवरून.

क्यूआर कोड टाकू का? उरलेल्या प्राण्यांची संख्या? नकाशा?

क्यूआर कोड छातीवर नको. पोट सुटलेल्याच्या अंगावर तो स्कॅन होत नाही, आणि मुलीच्या छातीकडं मोबाइल रोखून उभा राहिलेला माणूस कुणालाच नको असतो. गळ्याला अडकवायच्या कागदी पट्टीवर टाका.

संख्या वर्षभरात शिळी होते, टी-शर्ट पाच वर्षं चालतो. नकाशा तर अजिबात नको. लांडग्याचं बीळ, खवल्या मांजराचं ठिकाण, घरट्याची जागा हे छापणं म्हणजे शिकाऱ्याला पत्ता देणं. जिल्ह्याचं नाव पुरे.

वनखात्याचा लोगो, सिंहांची राजमुद्रा, पांडा वगैरे लावला तर वजन वाढेल?

राजमुद्रा परवानगीशिवाय वापरणं गुन्हा आहे, २००५ चा स्वतंत्र कायदाच आहे त्यासाठी. खात्याचा लोगो लेखी परवानगी असेल तरच. पांडा डब्ल्यूडब्ल्यूएफ या वन्यजीव संस्थेचा. पण त्यापासून शिकण्यासारखं एक आहे. १९६१ साली ते चिन्ह ठरवताना काळा-पांढरा प्राणी घेतला, त्यात छपाईचा खर्च वाचतो हाही विचार होता. दोन रंगांचं माझं म्हणणं काही नवीन नाही.

ऑर्डर कधी द्यावी?

ऑगस्टच्या आधी. गणपतीच्या तोंडावर सगळे स्क्रीनवाले मंडळांच्या टी-शर्टांत बुडालेले असतात. १९ फेब्रुवारीची शिवजयंती आणि १४ एप्रिलची भीमजयंती, यांच्या आधीचे पंधरा दिवसही विसरा. तेव्हा तुमचा माळढोक कुणी हातात घेणार नाही, आणि घेतलाच तर निळ्या नाहीतर भगव्या शाईत येईल.

टी-शर्ट विकून आलेले पैसे प्राण्यांसाठी देतो असं लिहिता येईल का?

कुणाला, किती, हे ठरलं असेल तरच. 'उत्पन्नाचा काही भाग' हे शब्द मला पटत नाहीत. 'काही' मध्ये एक रुपयाही बसतो. सरळ लिहा: दर टी-शर्टामागं ३० रुपये अमुक पाणवठ्याच्या टाकीसाठी. मग उन्हाळ्यात त्या टाकीत पाणी पडल्याचा फोटो घेणाऱ्यांच्या ग्रुपवर टाका.

घालणाऱ्यालाच प्राण्याची माहिती नसेल तर?

हे होतं. वाटपाच्या दिवशी मी मुद्दाम एखाद्याला विचारतो, "काय आहे रे हे?" "सर, मोराची मादी." त्यावर उपाय म्हणून टी-शर्टाच्या आत, पोटाच्या बाजूला, उलटा मजकूर छापतो, खालची कड वर उचलली की घालणाऱ्याला सुलटा वाचता येतो. तीन ओळी: नाव, कुठं असतो, कशामुळं कमी झाला. परीक्षेतल्या कॉपीसारखं. पोरं ते आवडीनं वाचतात, कारण कॉपी करायची सवय असते.

धुवायचा कसा?

उलटा करून, गार पाण्यात, ब्रश न मारता. इस्त्री चित्रावर फिरवू नका. आणि आईला आधी सांगून ठेवा, नाहीतर पहिल्याच रविवारी दगडावर आपटून त्या माळढोकाची टोपी उडते.